जामीनदार

फोन आला तेव्हा मी नार्वेच्या धक्क्यावर,
पिशवीत अर्धा किलो शेवटे, अजून हलणारे.
वेर्ण्याच्या कंपनीतली कुणी मॅडम, गोड आणि घाईत:
तुम्ही उल्हास वेरेकर ना?
तुमच्या मुलाने तिकडूनच राजीनामा पाठवलाय,
काम अर्धवट टाकून.
जरा समजवा त्याला. आणि हो,
बाँडवर जामीनदार म्हणून सही तुमची आहे.

सही माझी आहे.
डिचोलीत, स्टॅम्पपेपरवर,
नोटरीच्या पंख्याने कागद उडू नये म्हणून
मिथिलने त्यावर आपला कोरा पासपोर्ट ठेवला होता.
वाचलं नाही मी.
बापाने सही करायची असते, वाचायची नसते
असं तेव्हा वाटलं.

त्या शहराचं नाव लिहितात लोड्झ, म्हणतात वूच.
सुलक्षाने ते कॅलेंडरवर लिहून ठेवलंय,
गॅसवाल्याच्या नंबराखाली,
आणि शेजारी: साडेतीन तास वजा, थंडीत साडेचार.
ही वजाबाकी केल्याशिवाय ती ताटावर बसत नाही.

रात्री तो म्हणाला,
बाबा, मशीन बसवून झालं.
गोळ्यांची पाकिटं आता आपोआप मिटतात.
मग साहेब म्हणाले, लाइनवर कोण कोण लागणार नाही
त्याची यादी तूच कर, तू बाहेरचा, तुला सोपं जाईल.
अकरा बायका, बाबा.
एकीने पहिल्या दिवशी डब्यातली आंबट काकडी दिली होती,
माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, मी तिला आपली सोलं दिली.
तिने चघळली, डोळे मिटले, शहारली, आणि परत हात पुढे केला.
तिचं नाव मी आठवं टाईप केलं.
बाराव्या जागी माझं टाकलं
आणि यादी पाठवून दिली.

एकतीस वर्षं फेरीबोट चालवली मी,
नार्वे ते दिवाडी, दिवाडी ते नार्वे.
मधल्या पाण्यात कुणी सुकाणू सोडत नाही, पुता,
हे वाक्य ओठांवर होतं, तयार, तेलपाणी केलेलं.
पण नेमकी ती दुपार आठवली,
इंजिन बंद, ओहोटी लागलेली,
फेरी वाहत जाऊन टेकली खाजनाच्या बांधाला.
पोदेर सायकलसकट चिखलात उतरला.
एक नवरी चपला हातात घेऊन उतरली.
सगळ्यांनी मला शिव्या घातल्या, मग खात्याला,
आणि दिवेलागणीपर्यंत जो तो आपल्या घरी पोचला.
मला मेमो मिळाला. ट्रंकेत आहे अजून.
मिथिलला कधी दाखवला नाही.
तेव्हाही नाही सांगितलं. नुसतं हूं म्हटलं
आणि फोन सुलक्षाकडे दिला.

सकाळी बँकेत गेलो, ठेव मोडायला.
फॉर्मवर कारण विचारतात:
आजार, लग्न, घरदुरुस्ती, इतर.
काउंटरवरची पोर म्हणाली, काका, सात महिने थांबा,
व्याज बुडेल.
बुडू दे, म्हटलं.
‘इतर’वर खूण केली, पुढची रेघ कोरीच ठेवली.

राग नव्हता असं नाही. आहे.
सव्वातीन लाख म्हणजे मागच्या खोलीचं छप्पर,
तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन,
आणि गावात चार लोक विचारतील ते वेगळं.
तरी फोनवर तोंडातून निघालं ते एवढंच:
तिकीट मोपाचं की दाबोळीचं?
मोपा आपल्याला जवळ.
स्वस्त मिळेल ते, तो म्हणाला.

मागून सुलक्षा, हाताला मासळीचं मीठ:
विचार त्याला, त्या आठव्या बाईचं नाव काय?
त्याने सांगितलं. दोनदा सांगितलं.
तिने पेन्सिल घेतली,
वूचच्या खाली ऐकू आलं तसं लिहिलं, माउगोझाता,
थोडा वेळ बघत राहिली,
मग पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं.